जुन्या मोटरबोटीच्या गॅलीतला फ्रिज, शेगडी आणि मायक्रोवेव्ह बदलायचेत: सुरुवात कुठून करावी?

भरती_ओहोटी

नमस्कार मंडळी. बोट १९८५ ची, ३६ फुटी, दोन पेट्रोल इंजिनं. गॅलीतली (म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातली) सगळी उपकरणं मूळचीच आहेत आणि आता एकदाच काय ते बदलून टाकायचं ठरवलं आहे.

सध्याची परिस्थिती अशी. फ्रिज थ्री-वे आहे, म्हणजे गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट या तिन्हींवर चालणारा. गॅसवर चांगला गार होतो, १२ व्होल्टवर जेमतेम. मागच्या बाजूला खालच्या नळ्यांपाशी पिवळसर पूड जमलेली दिसते. त्याची खाच ५२५ मिमी रुंद, ८२० उंच आणि ५६० खोल आहे. शेगडी दोन बर्नरची, खाली छोटा ग्रिल. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होण्याची सोय तिच्यात नाही. मायक्रोवेव्ह घरगुती, फळीवर नुसता ठेवलेला. ११० अँपिअर-तासाच्या दोन एजीएम (बंद, पाणी न घालावं लागणाऱ्या शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या आहेत, इन्व्हर्टर नाही, किनाऱ्यावरची जोडणी २३० व्होल्ट १६ अँपिअरची. फ्रिजची १२ व्होल्टची वायर २.५ चौरस मिमीची, बॅटरीपासून साधारण ७ मीटर लांब.

वापर बहुतेक शनिवार-रविवार. एखादी रात्र धक्क्यावर, कधी सलग दोन रात्री नांगर टाकून.

प्रश्न तीन. त्या खाचेत घरगुती छोटा फ्रिज बसवला तर काय बिघडतं? गॅस पूर्ण काढून इंडक्शन घ्यावं का? आणि आधी काय, नंतर काय?

---

सुकाणू

पहिलं काम आजच करा: त्या फ्रिजचा गॅस सिलिंडरपाशी बंद करा आणि पुन्हा लावू नका. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत चोवीस तास तेवणारी उघडी ज्योत नको, आणि तीही जमिनीलगत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच पसरते; तुमच्या फ्रिजचा बर्नर नेमका त्याच उंचीवर आहे.

पिवळी पूड म्हणजे फ्रिज संपला. अशा अ‍ॅब्सॉर्प्शन (कॉम्प्रेसरशिवाय, उष्णतेवर चालणाऱ्या) फ्रिजच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. नळीला बारीक छिद्र पडलं की ते बाहेर येऊन सुकतं आणि पिवळं दिसतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करून टाका. कोरडं खरवडू नका आणि झाडूनही काढू नका. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

त्या जागी बोटीसाठीचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या, १२/२४ व्होल्टचा. यातल्या बहुतेकांत डॅनफॉस किंवा सेकॉपचा बीडी३५ किंवा बीडी५० जातीचा कॉम्प्रेसर असतो (नाव बदललं, यंत्र तेच), त्यामुळे पुढे सुटे भाग आणि माहिती मिळणं सोपं जातं. काहींत २३० व्होल्टचीही सोय असते. किनाऱ्याची वीज असली की तो आपोआप तिच्यावर जातो. तशी सोय नसली तरी बॅटरी चार्जर चालू असेल तर फारसा फरक पडत नाही.

घरगुती फ्रिज का नको, तर हल्लीच्या बहुतेक छोट्या घरगुती फ्रिजमध्ये मागची जाळी नसते. उष्णता बाहेर टाकणारी नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. चालू फ्रिजच्या कुशीला हात लावून बघा, कोमट लागते. असा फ्रिज तिन्ही बाजूंनी प्लायवूडच्या खाचेत घट्ट बसवला की उष्णता जायला वाट उरत नाही, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि आतलं दूध तरीही टिकत नाही. दुसरं, त्यात बऱ्याचदा आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो ज्वलनशील आहे, आणि त्याचे रिले किंवा थर्मोस्टॅट ठिणगी बाहेर जाऊ न देण्याच्या हिशोबाने बनवलेले नसतात. तिसरं, नांगरावर तो चालवायचा तर इन्व्हर्टर दिवसरात्र चालू ठेवावा लागणार. इन्व्हर्टर रिकामा फिरतानाही १०-२० वॅट खातो, म्हणजे फ्रिजने काही गार करायच्या आधीच दिवसाला २० ते ४० अँपिअर-तास गेले.

आता हवा. नव्या फ्रिजला खालून थंड हवा आत यायला आणि वरून गरम हवा बाहेर पडायला वाट हवी. वर आणि खाली प्रत्येकी निदान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा धरा आणि मागे ५० मिमी फट ठेवा. फ्रिजच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढी. "मोकळी" म्हणताना जाळीच्या पट्ट्या वजा करायच्या. २५० × ८० मिमीची पट्टेदार जाळी मोजमापाने २०० चौ. सेंमी दिसते, पण हवेला प्रत्यक्षात त्यातली अर्धीच मिळते. खालची हवा केबिनमधून घ्या, गॅलीच्या जमिनीलगत दारात जाळी बसवून. फ्रिजच्या मागून बिल्जकडे (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेकडे) किंवा इंजिनखोलीकडे भोक उघडं असेल, जुन्या बोटींत पाइप-वायरसाठी असं हमखास असतं, तर ते आधी बुजवा. नाही तर फ्रिजचा पंखा तिथलीच हवा ओढून केबिनमध्ये आणत राहील.

जुन्या फ्रिजचं धुराडं बाहेर गेलं असेल. त्याचं झाकण सिलिकोनने चिकटवून भागवू नका. भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी १:१२ उताराने घासा (म्हणजे भिंत ५ मिमी जाड असेल तर चहूबाजूंनी ६० मिमी) आणि काचकापड-इपॉक्सीने भरून काढा.

वायरीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: ती २.५ ची वायर चालणार नाही. या कॉम्प्रेसरच्या कंपनीच्या तक्त्यातच १२ व्होल्टसाठी २.५ चौ. मिमीला कमाल लांबी २.५ मीटर दिली आहे, ४ ला ४ मीटर, ६ ला ६ मीटर आणि १० ला १० मीटर. २४ व्होल्टला लांबी दुप्पट. तुमच्या ७ मीटरला १० चौ. मिमी लागणार. फ्यूज १५ अँपिअरचा.

---

तांब्याची_तार

फ्रिजबद्दल वर आलंच आहे. मी इंडक्शनचा हिशोब मांडतो, निर्णय तुम्ही घ्या.

एक वेळचा स्वयंपाक म्हणजे सरासरी १००० वॅटवर पाऊण तास धरू. ०.७५ युनिट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८८ टक्के पकडली तर बॅटरीतून सुमारे ०.८५ युनिट जाणार, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला जवळपास ६८ अँपिअर-तास. दिवसाला दोन वेळा केलं की १३५. फ्रिज चालताना ४-५ अँपिअर घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो, त्याचे ५० धरा. दिवे, पंप, फोन सोडूनच १८५ झाले. तुमच्याकडे २२० अँपिअर-तास आहेत आणि एजीएम निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ११०. पहिल्या संध्याकाळीच गाडं अडतं.

शिवाय नुसता साठा पुरून चालत नाही. १८०० वॅटवर इंडक्शन लावलं की बॅटरीतून १७० अँपिअर ओढले जातात. इतक्या भाराखाली जुन्या एजीएमचा व्होल्टेज कोसळतो आणि भांड्यातलं पाणी उकळायच्या आत इन्व्हर्टर "लो बॅटरी" म्हणून बंद पडतो. आच कमी केली तरी सुटका नाही, कारण बरीच स्वस्त इंडक्शन कमी आचेवर खरोखर कमी वीज घेत नाहीत. चार सेकंद पूर्ण, चार सेकंद बंद, असं करत राहतात. बॅटरीला प्रत्येक वेळी तोच दणका बसतो.

तेव्हा नांगरावर इंडक्शन हवं असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, निदान ३०० अँपिअर-तास. शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) २००० ते २५०० वॅटचा इन्व्हर्टर. बॅटरी ते इन्व्हर्टर ७० चौ. मिमीची केबल शक्य तितकी आखूड. आणि बॅटरीच्या टोकाशीच क्लास टी फ्यूज, २५० किंवा ३०० अँपिअरचा, इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे. लिथियम आहे म्हणून क्लास टी. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी इतका प्रचंड प्रवाह सोडते की साधा फ्यूज वितळतो पण आतली ठिणगी विझत नाही. इंजिनाचा अल्टरनेटर लिथियमला थेट जोडू नका, प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये घाला; नाही तर अल्टरनेटर तासभर पूर्ण क्षमतेने चालून जळू शकतो. आणि पेट्रोलच्या बोटीत इन्व्हर्टर इंजिनखोलीत अजिबात नको. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा दोन रात्रींसाठी मध्ये एकदा चार्जिंग लागेलच.

धक्क्यावर मात्र इंडक्शन उत्तम. तिथे मर्यादा १६ अँपिअरची, म्हणजे ३६८० वॅट. इंडक्शन २०००, मायक्रोवेव्ह १४०० (पाटीवरचे ८०० वॅट हे अन्नाला मिळणारे, भिंतीतून ओढतो ते जास्त), पाणी तापवायचा हीटर १२०० आणि चार्जर. सगळं एकदम लावलं की ब्रेकर उडतो. हीटर आणि इंडक्शन एकाच निवड-स्विचवर घ्या, एका वेळी एकच चालेल असं.

आता खरं महत्त्वाचं. २३० व्होल्टचं कुठलंही नवीन उपकरण जोडण्याआधी ही तपासणी करा. किनाऱ्याची केबल काढा, इन्व्हर्टर असेल तर तोही पूर्ण सोडवा, बोटीवरचे सगळे ब्रेकर चालू करा आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. जोड दिसता कामा नये. दिसला तर कुठल्या तरी उपकरणात किंवा पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले आहेत. किनाऱ्याच्या विजेवर असताना ते दोघे फक्त किनाऱ्यावर जुळलेले असतात. बोटीवरही जुळले तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थच्या वायरीतून आणि तिथून प्रोपेलर-शाफ्टमधून पाण्यात जातो. बोटीशेजारी पोहणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो, इतकी ही गंभीर गोष्ट आहे. इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालू असताना मात्र जोड त्या यंत्रापाशी हवा. चांगला इन्व्हर्टर-चार्जर आतल्या रिलेने ही अदलाबदल स्वतः करतो.

३० मिलिअँपिअरचा आरसीडी (अर्थकडे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि दोन्ही तारा तोडणारे ब्रेकर नसतील तर उपकरणांआधी ते बसवा. वायर कथील चढवलेल्या अनेक-पदरी तांब्याची. १९८५ च्या बोटीत घरातली एकसंध तार आणि पिळून घातलेल्या टोप्या सापडल्या तर नवल नाही. इंजिनाच्या थरथरीने अशी तार जोडापाशीच मोडते. टोकांना लग (धातूचं टोक) क्रिम्प करा म्हणजे दाबून बसवा, वर गोंदाची, तापवल्यावर आक्रसणारी श्रिंक नळी. नुसतं सोल्डर नको, सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि तुटते.

मायक्रोवेव्हचं थोडक्यात: फिरवायच्या दोन बटणांचा घ्या. डिजिटल घड्याळवाला प्रत्येक वेळी वीज बदलली की शून्यावर येतो. साध्या मॉडिफाइड साइन (तुटक लहरीच्या) इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह कमी तापवतो आणि गुरगुरतो.

---

भरती_ओहोटी

दोघांचेही मनापासून आभार. फ्रिजचा गॅस बंद केला. न्यूट्रल-अर्थ तपासलं, जोड दिसत नाही. आरसीडी नव्हताच, तो आधी बसवतो.

हिशोब पाहून नांगरावर गॅसच ठेवावा असं वाटतंय, धक्क्यासाठी एक सुटं इंडक्शन. पण गॅसची लाइन बघितल्यावर शंका आली. सिलिंडरचा कप्पा मागच्या डेकवर आहे. तिथून तांब्याची नळी निघून गॅलीच्या कपाटामागे एका टी-जोडातून फ्रिज आणि शेगडी अशी दुभागते. पुढे शेगडीला रबरी नळी, तिच्यावरची तारीख वाचता येत नाही. शेगडीमागे राखाडी रंगाचा ठिसूळ बोर्ड आहे, कोपरा तुटलेला.

---

निळी_ज्योत

बोर्डाला हात लावू नका. त्या काळातल्या बोटीत शेगडीमागचा राखाडी ठिसूळ बोर्ड अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, आणि नुसतं बघून ते ठरवता येत नाही. कापू नका, घासू नका, भोक पाडू नका. तुटका कोपरा ओला करून त्यावर चिकटपट्टी लावा, तपासणी प्रयोगशाळेला तुकडा कसा पाठवायचा ते त्यांनाच विचारा. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर काढायला परवानाधारक माणूस बोलवा. उत्तर येईपर्यंत शेगडी बाहेर ओढू नका, कारण तिचा मागचा पत्रा त्यावर घासतो.

गॅस ठेवायचा असेल तर जुनी लाइन ठेवू नका, सगळी नवी करा. पेट्रोलची बोट असल्याने मी स्वतः गॅसच्या विरोधात झुकतो. पण जिथे लिथियम बसवायचं नाही तिथे नीट केलेली गॅसची लाइन हाच व्यवहार्य मार्ग आहे. "नीट" म्हणजे आयएसओ १०२३९ किंवा एबीवायसी ए-१ या बोटीतल्या गॅसच्या मानकांप्रमाणे, आणि शेवटची जोडणी व चाचणी अधिकृत गॅस फिटरकडून.

कप्प्यापासून सुरू करा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळलेला गॅस पाण्यासारखाच उतार शोधतो, म्हणून कप्पा पाण्याच्या टाकीसारखा बंदिस्त हवा, फक्त वरून उघडणारा. तळाशी निदान २० मिमी आतल्या व्यासाची निचरा-नळी, ती सलग उतरती असावी. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि गॅसला बूच बसतं. तिचं तोंड पाणरेषेच्या वर आणि खिडकी, हवेची भोकं, एक्झॉस्ट यांपासून अर्धा मीटर तरी लांब. खात्री करायची तर कप्प्यात बादलीभर पाणी ओता. सगळं बाहेर गेलं पाहिजे, आणि आत बिल्जमध्ये एक थेंब दिसता कामा नये.

कप्प्याच्या आतच क्रमाने सिलिंडरचा वॉल्व्ह, दाबमापक, रेग्युलेटर, सोलेनॉइड (स्विचने उघडणारा-बंद होणारा विजेवरचा वॉल्व्ह). रेग्युलेटरचा दाब आणि शेगडीच्या पाटीवरचा दाब एकच असला पाहिजे. शेगडी ३० मिलिबारची आणि रेग्युलेटर ३७ चा असला तर ज्योत पिवळी, उंच होते आणि भांडी काळी पडतात. नुसती काजळी नव्हे, कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. सोलेनॉइडचा स्विच गॅलीत अशा जागी लावा की शेगडी पेटलेली असताना ज्योतीवरून हात न नेता बंद करता येईल.

कप्प्यातून बाहेर निघालेली नळी शेगडीपर्यंत एकसंध जायला हवी. कपाटामागचा टी-जोड तुमच्या लाइनमधला सगळ्यात वाईट भाग आहे, दिसत नाही आणि हात पोचत नाही अशा जागी. आता फ्रिज गॅसवर नसल्याने टी लागतच नाही. फ्रिजची फांदी केबिनमध्ये बूच मारून सोडू नका, मुळापासून काढा. नळी कप्प्याच्या भिंतीतून जाते तिथे वायुरोधक ग्लँड (नळीभोवती घट्ट आवळणारा जोड), इतर प्रत्येक भिंतीत रबरी कडी, आणि मधे ठरावीक अंतरावर चिमटे. तांबं वापरलं तर थरथरीने ते चिमट्यांमध्ये झिजतं. शेगडीजवळ लवचिक नळीचा तुकडा हवाच. नळीवर उत्पादनाची तारीख असते. ती वाचता येत नाही म्हणजे नळी बाद.

शेगडी घेताना प्रत्येक बर्नरला ज्योत-रक्षक आहे का बघा. बर्नरशेजारी बोटाच्या पेराएवढी तांबूस कांडी दिसते, ती थर्मोकपल. ज्योतीने ती तापली की अगदी थोडी वीज तयार होते आणि तिच्यावर आतला वॉल्व्ह उघडा राहतो. तपासायचं असं: बर्नर पेटवा, दोन मिनिटं चालू द्या, फुंकून विझवा आणि कान देऊन ऐका. साधारण मिनिटभरात बारीक "टक्" आवाज येऊन फुसफुस थांबली पाहिजे. कांडीवर तेलकट थर चढला की ज्योत असूनही नॉब सोडल्यावर विझते. लोक शेगडीला दोष देतात, कांडी पुसली की काम होतं.

गळतीची चाचणी: शेगडीचे नॉब बंद, सोलेनॉइड चालू, सिलिंडर उघडा, दाबमापक वाचा. मग सिलिंडर बंद करा आणि किमान तीन मिनिटं थांबा. मी पंधरा थांबतो. काटा तसूभरही हलता कामा नये. सोलेनॉइड चालू ठेवायला विसरलात तर फक्त कप्प्यातला तुकडा तपासला जातो आणि पुढची गळती तशीच राहते. काटा उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. अमोनिया असलेला साबण नको, त्याने पितळी जोड तडकतात. काडी पेटवून शोधायचं नाही हे लिहायला नको, तरी लिहितो.

गॅस-शोधकाचा सेन्सर शेगडीखाली जमिनीलगत, पण बिल्जचं पाणी लागणार नाही इतका वर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या. आणि पेटवताना एखादी खिडकी उघडी.

---

रंधा

एक गोष्ट कोणी विचारली नाही: फ्रिज आत जाणार कसा? बऱ्याच जुन्या बोटींत आतलं सामान वरचं डेक बसवण्याआधी ठेवलेलं असतं. जुना फ्रिज दारातून बाहेर निघतो का ते नवा मागवण्याआधी बघा. दाराची रुंदी मोजताना चौकट नाही, सगळ्यात अरुंद जागा मोजा. सरकत्या दाराचा रूळ, पायऱ्यांचा कठडा, वळणावरचा कोपरा. नव्या फ्रिजच्या बाहेरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका बनवा आणि तो खाचेपर्यंत फिरवत न्या. खोका दुमडला तर फ्रिजही अडकणार. दार आणि मागचा कॉम्प्रेसर काढून आत नेता येतो असे फ्रिज मिळतात, काहींत कॉम्प्रेसर दीड-दोन मीटर दूरही ठेवता येतो. पण आधीच गार करणारा वायू भरून आलेल्या नळ्यांतली एखादी वाकवताना चिमटली की फ्रिज गेला.

खाचेची खोली ५६० मिमी म्हणता, त्यातून मागची ५० मिमी वजा करा. आणि खोली वर-खाली दोन्हीकडे मोजा, कारण हलची (बोटीच्या बाहेरच्या कवचाची) भिंत तळाशी आत येते. कागदावर ५१० उरतात, तळाशी कदाचित ४५०. कॉम्प्रेसर खालीच असतो, तिथेच अडतं.

फ्रिज नुसता चौकटीच्या स्क्रूंवर लटकवू नका. खाली पट्टीवर बसवा, पुढून चौकट आणि मागून वर एक आडवी पट्टी, म्हणजे लाटेवर आपटला तरी सुटणार नाही. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे. दाराला यांत्रिक कडी हवी, चुंबकाच्या पट्टीवर भरवसा नको. बोट बंद करून जाताना दार किंचित उघडं अडकून राहील अशी दुसरी खाच त्या कडीला असली तर आत बुरशी धरत नाही.

शेगडीच्या जागेबद्दल: नव्या शेगडीसाठी ओट्यात लागणारा कापा (भोक) जुन्यापेक्षा बहुधा लहान असतो, म्हणजे ओट्यात फट राहते. लाकडी पट्टी घालू नका, बर्नरच्या उष्णतेने काळी पडते. दीड मिमीचा स्टेनलेस पत्रा चारही बाजूंनी २५ मिमी ओट्यावर येईल असा कापून घ्या. ओट्याच्या प्लायची उघडी कड इपॉक्सीने दोनदा बंद करा. सांडलेलं पाणी तिथूनच आत जातं. मोटरबोटीत झुलती शेगडी लागत नाही, पण भांडी धरणारे आडवे-उभे दांडे मात्र हवेत. बाजूच्या दुसऱ्या बोटीची लाट आली तरी उकळतं पाणी जागेवर राहिलं पाहिजे.

मायक्रोवेव्ह बंद कपाटात घालायचा असेल तर पुस्तिकेत दिलेली फट ठेवूनच. पायांसाठी फळीत वाट्या कोरा आणि पुढून पट्टा. खालचे पाय चिकटवून भागत नाही.

---

भरती_ओहोटी

तीन आठवड्यांनी परत आलो. बोर्ड तपासणीत अ‍ॅस्बेस्टॉस निघाला नाही. गॅसची लाइन फिटरने नवी केली, चाचणी झाली, काटा हलला नाही. फ्रिजही बसला (खोका करून बघितला म्हणून, पायऱ्यांचा कठडा खरंच काढावा लागला).

पण फ्रिज चालत नाही. १० चौ. मिमीची नवी वायर टाकली आहे. कॉम्प्रेसर सुरू होतो, अर्ध्या मिनिटात बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. इलेक्ट्रॉनिक डब्यावरचा लाल दिवा एकदा लुकलुकतो, थांबतो, परत एकदा. फ्रिजच्या टोकांवर मीटर लावला तर १२.५ व्होल्ट येतात. फ्रिजच खराब आला का?

---

तांब्याची_तार

फ्रिज परत पाठवू नका. एकदा लुकलुकणं म्हणजे बॅटरी-संरक्षण, त्याला व्होल्टेज कमी मिळतो आहे. दोनदा म्हणजे पंख्याचा प्रवाह जास्त, तीनदा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकला नाही, चारदा वेग फार कमी पडतो आहे, पाचदा इलेक्ट्रॉनिक डबा तापला. तुमचा संकेत एकचा आहे.

१२.५ तुम्ही कॉम्प्रेसर बंद असताना वाचले असणार. प्रवाह नाही तेव्हा गंजलेल्या जोडावरही व्होल्टेज उतरत नाही, मीटर सगळं ठीकच दाखवतो. चालू असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात वाचा. मूळ सेटिंगवर हे युनिट १०.४ ला बंद होतं आणि ११.७ च्या वर गेल्यावर पुन्हा प्रयत्न करतं. म्हणून तुमचा चालू-बंद खेळ.

आता कुठे उतरतो ते शोधा. मीटर व्होल्टवर ठेवून काळी सळई फ्रिजच्या पॉझिटिव्हवर आणि लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा (सळईला लांब वायर जोडून घ्या), कॉम्प्रेसर चालू असताना. जे दिसेल ते वाटेत हरवलेले व्होल्ट. मग काळी सळई एकेक जोड मागे आणत बॅटरीकडे चला: पॅनेलचा स्विच, फ्यूजधारक, मुख्य पट्टी. आकडा ज्या जोडाला धाडकन उतरतो तोच दोषी. निगेटिव्हची बाजूही तशीच. वायर नवी टाकली तरी ती जुन्या पॅनेलवरच्या काचेच्या फ्यूजच्या धारकातून नेली असेल, असा माझा अंदाज आहे. त्याला हात लावून बघा.

---

भरती_ओहोटी

धारकच होता. हात ठेववत नव्हता इतका तापला होता. कॉम्प्रेसर चालू असताना एकट्या त्याच्यावर १.९ व्होल्ट उतरत होते. आतली स्प्रिंग हिरवी पडली होती. फ्रिज मुख्य पट्टीवरून थेट घेतला, स्वतःच्या १५ अँपिअरच्या पाती-फ्यूजवर. आता चालू असताना पूर्ण वाटेत ०.२ व्होल्ट जातात. रात्रभर चालला, सकाळी आत ४ अंश.

त्याच पॅनेलवर पाण्याचा पंप आणि बिल्ज पंपही तसल्याच धारकांवर आहेत. तेही बदलायला घेतले.

---

सुकाणू

बिल्ज पंप आधी.